लिंक ओळखणारा एडिटर आणि संशयास्पद लिंकचा इशारा: दोघांचा मेळ कसा घालायचा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात एकाच फाइलीत तीन भाषा असणं नेहमीचं आहे. पतसंस्थेची नोटीस मराठीत, सरकारी परिपत्रकातला उतारा कन्नडमध्ये आणि अर्जाची लिंक रोमन अक्षरांत. टेक्स्ट एडिटरमधल्या दोन सोयी इथेच एकमेकींच्या आड येतात. पहिली सोय मजकुरातला पत्ता ओळखते, त्याखाली रेघ ओढते आणि तो क्लिक करण्याजोगा करते. दुसरी सोय अक्षरं किंवा पत्ता फसवा वाटला तर हटकते. पहिली चुकीच्या जागी लिंक बनवते, दुसरी बरोबर असलेल्या मराठीवर चौकटी काढते. मग कंटाळून लोक दोन्ही बंद करतात आणि खरा फसवा पत्ता आला की हटकायला कुणी उरत नाही.

म्हणून आधीच एक क्रम ठरवून घ्या. दोन्ही सोयी भांडायला लागल्या तर आधी मजकूर दुरुस्त करा. तेवढ्यानं भागलं नाही तर लिंक ओळखणं त्या फाइलप्रकारापुरतं बंद करा. इशाऱ्याला हात लावायची वेळ आलीच तर तो अक्षरागणिक सैल करा, सरसकट काढू नका. पुढची सगळी कृती याच क्रमानं आहे.

या लेखात मेनूंची, सेटिंगची आणि संकेतस्थळांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत दिसतील आणि टाइपही तशीच करायची आहेत.

लिंकला चिकटलेला प्रत्यय

सीमाभागातल्या मराठी मजकुरात पुष्कळ लिंका याच कारणानं मोडतात. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडून लिहितो, तेच आपण पत्त्यालाही करतो: पत्ता संपतो तिथेच ‘वर’, ‘ला’, ‘वरून’ जोडून मोकळे होतो. व्हीएस कोड हा टेक्स्ट एडिटर पत्ता कुठे संपतो हे ठरवताना रिकामी जागा, टॅब, अवतरणचिन्हं, कोनी कंस अशी ठरावीक चिन्हं पाहतो. देवनागरी अक्षर त्या यादीत नाही. त्यामुळे ‘वर’ हा पत्त्याचाच भाग धरला जातो, रेघ त्याच्याखालीही जाते आणि क्लिक केलं की पान सापडत नाही.

शेवटी आलेला पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम आणि विसर्गचिन्हासारखा दिसणारा रोमन कोलन मात्र एडिटर आपणहून गाळतो. वाक्य पत्त्यावर संपवून टिंब दिलं तर बिघडत नाही. दंड दिला तर बिघडतं, कारण दंडही त्या यादीत नाही. कन्नड किंवा संस्कृत मजकुरातून दंड तसाच उचलला गेला असेल तर तो लिंकमध्ये शिरलेला असतो.

उपाय सोपा आहे. पत्त्याला प्रत्यय जोडूच नका. ‘या पत्त्यावर’, ‘या पानावरून’ असं आधी लिहा आणि पत्ता स्वतंत्र ओळीवर द्या. जुन्या फाइलीत अशा चुका शोधायच्या असतील तर व्हीएस कोडमध्ये कंट्रोल आणि एफ दाबा, ऑल्ट आणि आर दाबून रेजेक्स, म्हणजे नमुना देऊन शोधण्याची सोय, चालू करा. मग शोधचौकटीत ‘एचटीटीपी’ची चार रोमन अक्षरं, त्यापुढे उलटी तिरपी रेघ व मोठा रोमन एस, मग तारा आणि शेवटी चौकोनी कंसात ऀ-ॿ हा देवनागरीचा पट्टा टाका. मधे कुठेही जागा सोडू नका. पत्त्याला देवनागरी चिकटलेली प्रत्येक जागा सापडेल. एकेक पाहूनच दुरुस्त करा, ‘रिप्लेस ऑल’ करू नका. काही संकेतस्थळांच्या पत्त्यात मराठी अक्षरं खरोखरच असतात.

वर्ड आणि लिब्रेऑफिस स्पेस किंवा एंटर दाबल्यावर मागच्या सलग मजकुराची लिंक करतात, म्हणून तिथेही पत्त्यानंतर लगेच स्पेस द्यायची सवय उपयोगी पडते. नको असलेली लिंक तयार झाली की लगेच कंट्रोल आणि झेड एकदाच दाबा. मजकूर राहतो, लिंक जाते.

कोलनच्या जागी विसर्ग

इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर कोलनच्या कळीवर च आणि छ आहेत, तिरप्या रेघेच्या कळीवर य आहे. म्हणजे मराठी कीबोर्ड चालू ठेवून पत्ता टाइपच होत नाही. मग बरेच जण कोलनच्या जागी विसर्ग देतात. ‘विषयः’, ‘दिनांकः’ अशी सवय हाताला लागलेली असतेच. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोड या अक्षरांच्या जागतिक यादीत प्रत्येकाचा क्रमांक वेगळा असतो. संगणकासाठी विसर्ग हे यू+०९०३ आहे आणि कोलन यू+००३ए.

याचा परिणाम ओळखायला शिका. एचटीटीपीएस नंतर विसर्ग असेल तर पत्त्याखाली रेघ येतच नाही. फाइल एचटीएमएल (वेबपानाची) किंवा जेसन (माहिती, सेटिंग साठवायची) प्रकारची असेल तर त्या विसर्गाभोवती पिवळसर चौकट मात्र येते. रेघ नाही पण चौकट आहे, असं दिसलं की दहातल्या नऊ वेळा कारण विसर्गच असतो. तो खोडा, कीबोर्ड इंग्रजीवर न्या आणि कोलन द्या. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि स्पेस दाबून कीबोर्ड बदलतो. मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन बसवलेले असतील तर कोपऱ्यातलं भाषेचं नाव पाहूनच पत्ता टाइप करायला घ्या.

देवनागरी शून्याचंही असंच. ‘०’ रोमन छोट्या ओ अक्षरासारखा दिसतो. कन्नडचा शून्यही तसाच दिसतो आणि कन्नडचा अनुस्वारही. युनिकोडच्या एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या यादीत हे सगळे रोमन ओच्या रांगेत आहेत. फसवा पत्ता बनवणाऱ्याला हेच हवं असतं: नामांकित संकेतस्थळाच्या नावातला ओ काढून तिथे देवनागरी किंवा कन्नड शून्य बसवायचा.

व्हीएस कोड कशावर चौकट काढतो आणि कशावर नाही

हा भाग नीट समजला की निम्मी चिडचिड संपते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की न दिसणारी युनिकोड चिन्हं वापरून प्रोग्राम माणसाला एक आणि संगणकाला दुसराच दाखवता येतो. त्यानंतर एडिटरांनी असे इशारे कडक केले. व्हीएस कोडमध्ये ‘युनिकोड हायलाइट’ या नावाखाली तीन वेगवेगळी सेटिंगं आहेत, आणि लोक ती एकच समजतात.

पहिलं, ‘अ‍ॅम्बिग्युअस कॅरेक्टर्स’: दुसऱ्या अक्षरासारखं दिसणारं अक्षर. दुसरं, ‘इनव्हिजिबल कॅरेक्टर्स’: न दिसणारं चिन्ह. तिसरं, ‘नॉन बेसिक अ‍ॅस्की’: साध्या रोमन संचाबाहेरचं कुठलंही अक्षर, म्हणजे आपली सगळी मराठी आणि सगळी कन्नड.

पहिली दोन शब्द पाहून ठरवतात. शब्दात रोमन अक्षर एकही नसेल आणि निदान एक अक्षर असं असेल जे कशासारखंही दिसत नाही, तर चौकट येत नाही. म्हणून ‘दुःख’ सुरक्षित आहे, ‘२०२५’ सुरक्षित आहे. पण नुसता ‘०’ एकटा आला तर चौकट येते. आकडा देवनागरी आणि त्याला चिकटून एकक रोमन असेल, जसं १० ला जोडून रोमन के आणि एम, तरीही शून्यावर चौकट येते. अशा ठिकाणी आकडा आणि एकक यांत जागा सोडा किंवा दोन्ही एकाच लिपीत लिहा. सेटिंग बदलायची गरजच पडत नाही.

तिसरं सेटिंग एरवी गप्प असतं, पण अनोळखी फोल्डर उघडताना ‘या फोल्डरच्या लेखकांवर विश्वास आहे का’ या प्रश्नाला नाही म्हटलं की जागं होतं. मग एडिटर रिस्ट्रिक्टेड, म्हणजे मर्यादित, मोडमध्ये जातो आणि मराठीच्या अक्षराअक्षरावर चौकटी येतात. घाबरून जाऊ नका, फाइल बिघडलेली नसते. आणि चौकटी घालवण्यासाठी फोल्डरवर विश्वासाचा शिक्काही मारू नका. त्या एका शिक्क्यानं त्या फोल्डरमधला कोडही चालायला मोकळा होतो. त्याऐवजी असं करा:

१. कंट्रोल आणि स्वल्पविराम दाबून सेटिंग उघडा, वर ‘यूजर’ टॅब निवडलेला असू द्या.
२. ‘युनिकोड हायलाइट’ शोधा.
३. ‘नॉन बेसिक अ‍ॅस्की’ फॉल्स करा.
४. ‘अ‍ॅम्बिग्युअस’ आणि ‘इनव्हिजिबल’ चालूच ठेवा.
५. ‘इन्क्लूड कमेंट्स’ ट्रू करा. नाहीतर विश्वासातल्या फोल्डरमध्ये टिप्पण्यांतल्या लिंका तपासल्या जात नाहीत.

याच पानावर ‘अलाउड लोकेल्स’ नावाची सोय दिसते आणि तिथे मराठीचा एमआर किंवा कन्नडचा केएन टाकावासा वाटतो. त्याचा उपयोग होत नाही. या सोयीमागच्या याद्या चिनी, जपानी, रशियन, जर्मन अशा मोजक्या भाषांच्या आहेत, आपल्या दोन्ही भाषा त्यात नाहीत. एखादं अक्षर खरोखरच वारंवार आडवं येत असेल तर ‘अलाउड कॅरेक्टर्स’मध्ये ते एकच अक्षर टाका. चौकटीवर माउस नेला की ‘अ‍ॅडजस्ट सेटिंग्ज’ येतं, तिथूनही ते वगळता येतं. विसर्ग वगळायला फारशी हरकत नाही, कारण विसर्गानं पत्ता मोडतो, फसवत नाही. शून्य मात्र वगळू नका, मराठीचाही नाही आणि कन्नडचाही नाही. पत्त्यातला खोटा ओ पकडून देणारा इशारा तोच आहे.

एक उलटी अडचणही आहे आणि ती जास्त धोक्याची आहे. साधी टेक्स्ट फाइल आणि मार्कडाउन (मथळे, लिंका साध्या चिन्हांनी दाखवणारी टेक्स्ट फाइल) या दोन प्रकारांत व्हीएस कोड पहिले दोन इशारे मुळातच बंद ठेवतो. लिंक ओळखणं मात्र तिथेही चालू असतं. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर टेक्स्ट फाइलीत चिकटवला की खोट्या ओचा पत्ता रेघेसह, क्लिक करण्याजोगा, कसल्याही चौकटीविना समोर येतो. यावर दोन उपाय. सेटिंगच्या जेसन फाइलीत प्लेनटेक्स्ट आणि मार्कडाउन या भाषांच्या नावाखाली दोन्ही इशारे ट्रू करा. तेवढं जमत नसेल तर तपासण्यापुरता खाली उजवीकडच्या पट्टीवरून भाषाप्रकार बदलून एचटीएमएल करा, चौकटी पाहा, परत टेक्स्ट करा. फाइलीत काही बदल होत नाही.

न दिसणारी चिन्हं काढताना

पीडीएफमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेल्या पत्त्यात शून्य रुंदीची जागा, म्हणजे यू+२००बी, किंवा मऊ हायफन, म्हणजे यू+००एडी, येऊन बसलेला असतो. पत्ता अगदी बरोबर दिसतो आणि उघडत नाही. असं चिन्ह लिंकच्या आतलंच काढायचं.

सगळ्या फाइलीतून न दिसणारी चिन्हं एकदम काढायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिलेला असतो. तो आपल्याकडे पाळू नका. मराठीत ‘दर्‍या’, ‘तर्‍हा’ यांतला अर्धा र काही कीबोर्ड यू+२००डी हे न दिसणारं जोडचिन्ह घालून लिहितात. कन्नडमध्ये परभाषेतले शब्द लिहिताना जोडाक्षर होऊ नये म्हणून यू+२००सी घालतात. ही दोन्ही सरसकट काढली की मराठी मजकुरातले अर्धे र आणि कन्नड मजकुरातले कितीतरी शब्द बिघडतात, आणि तीस पानांच्या अहवालात ते नंतर हुडकणं फार कठीण जातं.

दिसतं एक, उघडतं दुसरं

मार्कडाउन, वर्ड, ईमेल या तिन्हींत लिंकला दोन भाग असतात: दिसणारा मजकूर आणि आतला पत्ता. गेल्या वर्षीचं पत्रक उघडून त्यातच बदल करण्याची पद्धत सगळीकडे आहे. तुम्ही दिसणारा पत्ता बदलता, आतला जुनाच राहतो. बेळगावात याला आणखी एक निमित्त मिळालं. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं अधिकृत इंग्रजी स्पेलिंग बदललं, तेव्हा जुन्या पत्रकांतलं स्पेलिंग लोकांनी जागच्या जागी सुधारलं. दिसणाऱ्या मजकुरात नवं स्पेलिंग, आत जुनं. मेल पाहणाऱ्या यंत्रणेला हे फसवणुकीसारखंच दिसतं, कारण फसवणूक करणारेही नेमकं हेच करतात: दाखवायचं एक संकेतस्थळ, न्यायचं दुसऱ्यावर. इशारा इथे बरोबर असतो. बंद करायचा नसतो, लिंक दुरुस्त करायची असते.

वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ९ दाबा. सगळ्या लिंकांचे आतले पत्ते उघडे दिसतात. पुन्हा तेच दाबलं की पूर्ववत. जिथे जुळत नाही तिथे उजवी क्लिक करून ‘एडिट हायपरलिंक’ घ्या आणि वरची दिसणारी चौकट व खालची पत्त्याची चौकट दोन्ही तपासा. लिब्रेऑफिसमध्ये लिंकवर कर्सर ठेवून कंट्रोल आणि के दाबलं की हेच दिसतं.

छापायच्या प्रतीत लिंका नकोच असतील तर वर्डमध्ये कंट्रोल आणि ए, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ दाबलं की सगळ्या लिंका साधा मजकूर होतात. पण अनुक्रमणिका आणि आपोआप बदलणारी तारीखही त्यासोबत गोठते, म्हणून आधी फाइलीची प्रत काढून ठेवा.

पुढे लिंका आपोआप होऊच नयेत यासाठी वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, ‘ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाइप’ असं जाऊन इंटरनेट पत्त्यांच्या ओळीवरची खूण काढा. लिब्रेऑफिसमध्ये टूल्समधल्या ऑटोकरेक्ट ऑप्शन्सखाली ‘यूआरएल रेकग्निशन’. गूगल डॉक्समध्ये टूल्स, प्रेफरन्सेस, ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट लिंक्स’.

नोटपॅड++ ची गोष्ट वेगळी. तिथे लिंकवर दोनदा क्लिक केलं की ती थेट ब्राउझरमध्ये उघडते, मधे कुणी विचारत नाही. बाहेरून आलेल्या फाइली तुम्ही त्यात वाचत असाल तर सेटिंग्ज, प्रेफरन्सेस, ‘क्लाउड अँड लिंक’मध्ये जाऊन लिंक ओळखणं बंदच ठेवा.

विश्वासाच्या पत्त्यांची यादी

व्हीएस कोडमध्ये कंट्रोल धरून लिंक क्लिक केली की ‘हे संकेतस्थळ उघडायचं का’ असा प्रश्न येतो. रोज त्याच चार ठिकाणी जायचं असेल तर प्रश्नाचा कंटाळा येणारच. कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून ‘मॅनेज ट्रस्टेड डोमेन्स’ शोधा. उघडलेल्या यादीत एचटीटीपीएससह पत्ता लिहायचा. नावाआधी तारा आणि टिंब दिलं की त्या नावाखालची सगळी उपस्थळं त्यात येतात. सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या ऑनलाइन सेवांसाठी कर्नाटक डॉट गव्ह डॉट इन आणि महाराष्ट्राच्या जमिनीच्या उताऱ्यांसाठी महाभूमी डॉट गव्ह डॉट इन, या दोन नोंदी सीमाभागातल्या बहुतेकांना पुरतात. नुसता तारा कधीच लिहू नका, त्यानं जगातलं प्रत्येक संकेतस्थळ विश्वासाचं ठरतं. लहान केलेल्या लिंकांच्या सेवा आणि गूगल फॉर्मचे पत्तेही या यादीत नकोत: तिथे फॉर्म कुणीही बनवू शकतो, नाव मात्र सर्वांचं एकच असतं.

नोंद करण्याआधी पत्ता उजवीकडून वाचा. दोन तिरप्या रेघांनंतर पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचं नाव खरं. ‘कर्नाटक डॉट गव्ह डॉट इन’ सुरुवातीला असून पुढे टिंब देऊन आणखी काही आलं असेल तर मालक ते पुढचं नाव आहे. टिंबांऐवजी हायफन असेल तर ते सरकारी नाही. आणि तिरप्या रेघेआधी कुठे अ‍ॅटचं चिन्ह दिसलं तर त्याच्या डावीकडचं सगळं नुसती शोभा असते, ब्राउझर उजवीकडच्या नावावर जातो.

टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली लांबलचक लिंक पाहून मात्र बिचकू नका. मराठी अक्षरं पत्त्यात कॉपी होताना प्रत्येक चिन्हाचे नऊ कॅरेक्टर होतात. ‘बेळगाव’मध्ये ब, मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हं आहेत, म्हणून त्याचे ५४ होतात. त्यात ई०, मग ए४ किंवा ए५ पुन्हा पुन्हा येत असेल तर मूळ अक्षरं देवनागरी आहेत. ई०, मग बी२ किंवा बी३ येत असेल तर कन्नड. नावाच्या जागी सुरुवातीला एक्सएन आणि दोन हायफन दिसले तर तेही आपोआप संशयास्पद नसतं, डॉट भारत अशा देशी लिपीतल्या नावांचं तांत्रिक रूप तसंच असतं. पण तुमची अपेक्षा रोमन नावाची असताना ब्राउझरच्या पट्टीत एक्सएन दिसलं, तर पान तिथेच बंद करा.

बसवलेलं सगळं तपासण्यासाठी

एक छोटी एचटीएमएल फाइल करून तिच्यात पाच ओळी लिहा. पहिलीत साधा बरोबर पत्ता. दुसरीत तोच पत्ता, शेवटी ‘वर’ जोडून. तिसरीत कोलनच्या जागी विसर्ग. चौथीत नावातल्या रोमन ओच्या जागी देवनागरी शून्य. पाचवीत ‘दुःख’ आणि ‘२०२५’ असलेलं साधं मराठी वाक्य. पहिलीला रेघ यायला हवी, चौकट नको. दुसरीची रेघ ‘वर’खालीही जाईल, ती चूक तशी दिसते हे डोळ्यांना कळू द्या. तिसरीला रेघ येणार नाही, आणि विसर्ग वगळलेला नसेल तर चौकट येईल. चौथीला रेघ आणि चौकट दोन्ही. पाचवी स्वच्छ राहिली पाहिजे. चौथीची चौकट दिसली नाही तर ‘अलाउड कॅरेक्टर्स’मध्ये शून्य शिरलं आहे का ते आधी पाहा. तीच फाइल टेक्स्ट म्हणून साठवून पुन्हा उघडा. तिथेही चौथ्या ओळीवर चौकट आली तर प्लेनटेक्स्टचं सेटिंग लागलेलं आहे.